सुखदेवने खिडकीतून पाहिलेला भाग

अल्लीपुरात मला माझ्या नावाने हाक मारणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. बाकी सगळ्यांसाठी मी ‘केबल’. ‘केबल आला का?’, ‘केबलच्या पोरीचं लग्न जमलं म्हनते’, ‘केबलची तब्येत बरी नाई’. धंदा बंद होऊन बरीच वर्षं झाली, घरोघरी लहान छत्र्या आल्या, मग हातोहाती मोबाईल आले, तरी अंगावरचं नाव काही उतरलं नाही. मध्यंतरी हिंगणघाटच्या बस स्टँडवर एका बाईने नातवाला माझी ओळख करून दिली, "हे केबलभाऊ. याहीच्याच घरून आपल्या गावात टीव्ही येत होता." ते पोरगं माझ्याकडे असं पाहायला लागलं, की जणू मी टीव्ही टाकीत साठवून ठेवत होतो आणि सकाळ-संध्याकाळ तोटी सोडत होतो.

तसं पाहिलं तर त्याचं फार चुकलं नव्हतं. आमचा धंदा नळयोजनेसारखाच. गच्चीवर मोठ्या छत्र्या, खाली एका खोलीत यंत्रं. त्या खोलीला मी ‘कंट्रोल रूम’ म्हणायचो आणि माझी बायको ‘कांद्याची खोली’, कारण यंत्रांच्या खाली तिचे कांदे पसरलेले असायचे. तिथून काळी वायर निघायची ती छपरांच्या कवेलूंवरून, कडुनिंबांवरून, देवळाच्या भिंतीवरून घराघरात जायची. लांब गेलं की चित्र अशक्त होतं, म्हणून मध्ये मध्ये त्याला जोर देणाऱ्या डब्या लावायच्या. वायरीचे शत्रू दोन, आकाशातली वीज आणि झाडावरची वांदरं. वीज निदान पावसाळ्यातच यायची. वांदरांना बारमाही सुट्टी. चांगली मालिका रंगात आली की नेमकं एखादं वांदर वायरीला लोंबकळणार आणि अर्धं गाव अंगणात येऊन माझ्या खानदानाचा उद्धार करणार.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एक काका भारत मॅच हरला की दुसऱ्या दिवशी भांडायला येत. त्यांच्या साडूच्या गावी, आंजीला, त्याच मॅचमध्ये भारत जिंकता जिंकता राहिला होता आणि इथे मात्र सपशेल हरला, म्हणजे माझ्या वायरीत काहीतरी खोट आहे असं त्यांचं म्हणणं. एक आजी बातम्या लागल्या की डोक्यावरून पदर घ्यायच्या. "तो बाप्या माह्याकडंच पाह्यते ना बा," म्हणायच्या. अशा लोकांवर रागावता येत नाही. मी रागावायचो, पण घरी येऊन.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सुखदेवची. तिला कारण झालेली मालिका परदेशी होती, हिंदीत बोलायला लावलेली. तिच्यातले पोलीस चोराचे ठसे शोधत बसत नसत. ते गुन्ह्याची जागा पाहत आणि खुर्चीत बसून सांगत, की हा माणूस अमुक वयाचा असणार, लहानपणी असा वाढला असणार, याच्या घरात असं असणार. आणि शेवटी अगदी तसाच माणूस सापडे. दर रविवारी, उन्हं उतरल्यावर ती लागायची. त्या वेळी गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नसे. मी जन्मात इतक्या मालिका दाखवल्या, पण एवढं वेड कशाचंच लागलं नाही.

वेडाचा म्होरक्या होता दिलीप, मोटारी रिवाइंडिंग करणारा. वर्गातली पेन्सिल हरवली की पोरं त्याच्याकडे जात आणि तो डोळे मिटून सांगे, "चोर डावखुरा हाय. घरात धाकटा हाय. त्याले कोनी लाड नाई केला." पोरं धाकट्या डावखुऱ्याला शोधून बडवत. आम्ही सगळे हसायचो. तोवर हसण्यासारखंच होतं.

मग भर उन्हाळ्यात गावातले गुंड चोरीला जायला लागले. गुंड म्हणजे आमच्याकडचा पितळी घडा, पाणी भरायचा. संध्याकाळी बाया राखेनं, चिंचेनं घासून सांदवाडीतल्या दगडावर तो पालथा घालतात. सांदवाडी म्हणजे घराच्या मागची-बाजूची मोकळी जागा, काट्यांचं कुंपण असलेली. गुंड लेकीला लग्नात देतात, काठावर तिचं आणि माहेरचं नाव ठोकून. त्यामुळे तो गेला की बाईचं भांडं जात नाही, माहेर जातं. चोऱ्या रविवारीच व्हायच्या, मालिकेच्या वेळी, जेव्हा सगळं गाव सांदवाडीकडे पाठ करून टीव्हीपुढे बसलेलं असे. बापूरावजींच्या घरचाही गुंड गेला. बापूरावजी म्हणजे गावातलं जुनं किराणा दुकान, गावचा शब्द. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. तिचे दोन गुंड होते, त्यातला एक गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही.

सुखदेव हा माय आणि आपण असा दोघांचाच संसार चालवायचा. वय पस्तिशीचं, लग्न झालेलं नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगवर गाठी उचलायचा आणि उन्हाळा लागला की घरोघरचे कूलर दुरुस्त करायचा. जुनं गवत काढून नवं भरायचा, पंप साफ करायचा. हात चांगला होता. बोलणं मात्र नाहीच. ‘झालं’ आणि ‘येतो’ या दोन शब्दांवर त्याचा सगळा उन्हाळा निघायचा. घरी टीव्ही नव्हता. गल्लीतल्या कुणाच्याही खिडकीशी तो संध्याकाळी उभा असायचा, हे मी खांबांवरून कितीदा पाहिलं होतं. मला त्यात काही वाटलं नाही. एके काळी सगळं गाव असंच एकाच घरच्या टीव्हीच्या खिडकीशी उभं असे, आणि त्यातूनच माझा धंदा उभा राहिला होता.

तो रविवार आला. त्या वर्षी अधिक महिना उन्हाळ्यात पडला होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. महिना लागताच बापूरावजींचा जावई त्यांच्या लेकीला, मंदाला, आणि लहान मुलीला घेऊन नागपूरहून आला होता आणि रोज पाटावर बसून पुरणाचे धोंडे खात होता. माणूस गोड होता. पायात चकचकीत बूट, खिशात मोबाईल. मोबाईलची रेंज तेव्हा गावात फक्त मागच्या बाजूला यायची, म्हणून तो बोलायला सारखा सांदवाडीत जायचा. "ऑफिसचा फोन हाय," बापूरावजी कौतुकाने सांगायचे. "सुट्टीतबी सोडत नाईत त्याले."

मालिका सुरू झाली आणि थोड्या वेळाने वांदरांनी आपलं काम केलं. देवळाजवळची वायर तुटली. अंगणाअंगणातून माझ्या नावाचा गजर सुरू झाला. मी धावत जाऊन शिडी लावली, वायर जोडली, डबी पुन्हा बसवली आणि चित्र आलं. मी घामाघूम होऊन कांद्याच्या खोलीत परत येऊन बसलो. मालिका संपत आली असेल नसेल, तेवढ्यात बापूरावजींच्या घरून लहान पोरीची किंकाळी ऐकू आली.

झालं होतं असं. त्या दिवशीच्या भागात एक माणूस घरं जाळत होता. शेवटच्या दृश्यात दाखवलं, की तो लोकांच्या खिडक्यांबाहेर थंडीत उभा राहून आतल्या माणसांना पाहत बसायचा. हे दाखवत असताना मंदाच्या मुलीने सहज आपल्या खिडकीकडे पाहिलं, तर काचेला नाक लावून सुखदेव! पोरगी ओरडली, घरातले ओरडले, शेजारचे धावले. सुखदेव घाबरून पळाला आणि चार पोरांनी त्याला विहिरीजवळ पाडला. त्याच वेळी पलीकडच्या घरातून बाई बोंबलत आली, की तिचा गुंड दगडावर नाही. मग काय विचारता. मी पोहोचलो तोवर सुखदेवच्या ओठातून रक्त येत होतं. बापूरावजींनी हात वर केला म्हणून मार थांबला. "सकायी पारावर पाहू," ते म्हणाले. "मंग जमादाराले बोलावू."

सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. खरं सांगतो, मालिकेतले खुर्चीत बसलेले पोलीस आणि आमचा दिलीप यांच्यात मला त्या दिवशी काही फरक दिसला नाही. तो उभा राहिला आणि एकेक गोष्ट बोटांवर मोजायला लागला.

"एकटा राह्यते. माय आन हा. लगन नाई. कोनाशी बोलत नाई. कूलरच्या निमित्तानं सगयाच्या सांदवाड्या पाह्यलेल्या हायेत. आन खिडकीतून पाह्यते. कालच्या भागात त्या पोलीस बाईनं अस्संच सांगतलं होतं. सगयं जुयते का नाई, सांगा राजेहो!"

"जुयते, जुयते," लोक म्हणाले.

मला संताप आला. "त्या हिशोबानं मीबी बसतो," मी म्हटलं. "मी तं खांबावर चढून सगयाच्या घरात पाह्यतो."

"तुमचं तं लगन झालं हाय ना, केबलभाऊ," दिलीप म्हणाला आणि सगळे हसले.

सुखदेव खाली मान घालून उभा होता. त्याची माय पाराच्या कडेला बसली होती, डोळ्यांनी अधू, आवाजाच्या दिशेने मान वळवत. जमादार आला की पोराचं नाव ठाण्यात जाणार होतं. एकदा ते गेलं की त्याला कूलरसाठी कुणी दारात उभं करणार नाही, आणि कूलर गेला की म्हातारीचं जेवण गेलं. हे पारावरच्या प्रत्येकाला कळत होतं. तरी कुणी जागचं हलत नव्हतं.

एक जावई तेवढा बोलला. "जाऊ द्या ना मामाजी," तो बापूरावजींना म्हणाला. "गरीब मानूस आहे. सोडून द्या. भांडेच तं आहेत."

"पाहा, जवाई कसा दिलदार हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

मी पुढे झालो. "सुखदेव, काल मालिकेच्या टायमाले कुठं होता तू?"

"खिडकीपाशी."

"काय पाहत होता?"

"टीव्ही."

"मंग सांग काय दाखवलं ते."

 दिलीप म्हणाला, "काय सांगन तो? पाह्यलंच नाई तं!" सुखदेवने ओठ हलवले, पण शब्द बाहेर येईना. तेव्हा कडेवरून म्हातारी बोलली.

"सांग ना रे बाबू. मले रोज सांगतं तसं सांग."

मला हे माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. हा मुका माणूस रोज घरी जाऊन मायला अख्खा टीव्ही सांगत होता. त्याने मान वर केली, आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता मायकडे पाहिलं आणि सुरू झाला.

"एक गाव होतं, माय. बरफच बरफ, जिनिंगमंदी कापूस सांडते तसा. तिथं घरं जयत होते. मंग साहेब लोक आले इमानातून. त्याहीच्यात एक बाई होती, केस कापलेली. तिची झोप नवती झाली. मंग त्याहीनं भितीवर फोटो लावले, मानसायचे, बायायचे. सगये उभे राहून पाहत होते. मले वाटलं, लगनाचे स्थयं पाहून राह्यले."

लोक हसले. पण हसता हसता दोन-चार जण पाराच्या पायरीवर टेकलेही.

"मंग एक मानूस दाखवला. तो घरोघरच्या शेगड्या दुरुस करे. घरी म्हतारी माय. तो तिच्या पायात मोजे घाले, आंगावर गोधडी टाके. मंग... मंग चित्र गेलं. नुसत्या मुंग्या. बापूरावजी आंगनात येऊन केबलभाऊच्या नावानं वरडले. तिकून दिलीपभाऊबी वरडले. लय येळ गेला. चित्र आलं तवा तो मानूस बरफातून पयत होता."

"थांब!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी गावाला समजावून सांगितलं. मालिका पुन्हा दाखवतात, दुसऱ्या गावी पाहता येते, सगळं खरं. पण माझी वायर शेगडीवाला मायला मोजे घालत असताना तुटली आणि तो पळत असताना जुळली, हे फक्त काल, फक्त अल्लीपुरात, टीव्हीपुढे बसलेल्याला किंवा खिडकीशी उभ्या असलेल्यालाच कळणार. चोर सांदवाडीत होता. सुखदेव खिडकीशी होता. एक माणूस दोन ठिकाणी नसतो.

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. दिलीपला मात्र हार मानवत नव्हती.

"मंग पुढचं सांग ना. त्यानंच घरं जायले, ते काऊन सांगत नाई?"

सुखदेव गोंधळला. "त्यानं कुठं जायले?"

"कबूल केलं ना बे त्यानं शेवटी!"

"मले आयकू येत नाई न, भाऊ. बाजूच्या खिडकीत कूलर असते. त्याच्या आवाजात आतलं काईच येत नाई. मी नुसतं पाह्यतो." मग तो पुन्हा मायकडे वळला. "त्याचे हात भाजलेले दाखवले, माय. मले वाटलं तो आगी इझवाले जाये. सगये मांगं लागले म्हनून पयाला. कोनीबी पयन. मंग त्याले बरफात पाडलं. तो लय रडे. मंग ती बाई त्याच्या मायच्या घरी गेली. तिच्यापाशी बसली. म्हनून मी तुले काल सांगतलं, का ती माफी मांगाले आली."

 काल संध्याकाळी मार खाऊन, फुटक्या ओठाने घरी गेलेला हा माणूस, दारात दोन पोरं राखणीला बसलेली असताना मायला ही गोष्ट सांगत होता. मी हजारदा मालिका दाखवल्या असतील. पण मी दाखवलेल्यातलं इतकं चांगलं मला कधी काही ऐकायला मिळालं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही, सगळ्यांसमोर.

बापूरावजींनी घसा साफ केला. "माह्याच खिडकीपाशी होता ना तू? मंग आत कोन कोन बसलं होतं, सांग. खरं-खोटं मी सांगतो."

"तुमी बंगईवर झुलत. मंदाबाई खाली, मेथी निवडत. पोरगी त्याहीच्या मांडीवर. बाजूच्या दोघी बाया भितीले टेकून. आन..."

तो थांबला.

"आन?"

"बाकीचं नाई दिसलं जी."

"कूलरपुढची खुर्ची? ते तं त्या खिडकीतून नेमकी दिसते."

सुखदेवने मान खाली घातली. घरातली ती सगळ्यात गार जागा, धोंड्याच्या महिन्यात ती जावयाची. तो तिथे बसलेला असता तर सुखदेवने सांगितलं असतं. खुर्ची रिकामी होती हे त्याने पाहिलं होतं, कदाचित त्याआधीच्या रविवारीही. रात्रभर घरात कोंडून बसताना, सकाळी पारावर उभं राहताना ते एक वाक्य त्याच्याजवळ होतं. ते बोलला असता तर सुटला असता. पण मंदाला तो लहानपणापासून ओळखत होता, आणि तिचं घर आपल्या तोंडून मोडू नये एवढंच त्याला कळत होतं.

मी बापूरावजींकडे पाहिलं. ते जावयाकडे पाहत होते. जावई मोबाईलमध्ये पाहत होता, आणि पारावर तर रेंज यायचीच नाही. म्हातारा उठला. "सुखदेवनं काई केलं नाई," ते म्हणाले. "जा आता सगये घरी." आवाज इतका खाली गेला होता, की मागच्या लोकांना तो ऐकूच आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने जावई एकटाच नागपूरला गेला. त्यानंतर एकेका सांदवाडीत गुंड परत यायला लागले. बापूरावजींच्या घरी जनावरांच्या कुटाराच्या खोलीत पोत्याखाली सापडले ते तसेच आले, जे भंगारात गेले होते त्यांच्या जागी नवे आले. जावयाबद्दल पुढे बापूरावजींनीच मला सांगितलं. त्याची नागपूरची गिरणी केव्हाच बंद पडली होती. सासरी सांगायची लाज वाटली. फोन ऑफिसचे नव्हते, तोच मागे जाऊन ओळखीच्यांना काम मागत होता. रोज पाटावर बसवून खाऊ घालणाऱ्या माणसांना ‘मी रिकामा आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मला त्याचाही राग फार काळ धरता आला नाही. पुढे त्याला काम लागलं, मंदा त्याच्याकडे गेली, आता बरं चाललं आहे त्यांचं.

पण गावाने काय केलं? गावाने तोंड मिटलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं. जावयाची गोष्ट, मोठं घर, झाकली मूठ. दिलीपने सुखदेवला हाक मारून फुकटचा चहा पाजला आणि आपण मोकळे झालो असं समजला. ज्या बाया पारावर नव्हत्या त्या अजून त्याला पाहून गुंड आत घेत होत्या. सुखदेवने खिडकीशी उभं राहणं सोडलं. गल्लीत शिरताना तो आता मोठ्याने खाकरायचा, दर चार पावलांवर, आपण येतो आहोत हे घराघरात कळावं म्हणून. तो खाकरण्याचा आवाज मला सहन होईना. मी सरळ बापूरावजींच्या दुकानात गेलो.

"त्याच्यावर ठपका पारावर आला," मी म्हटलं, "आन उतरला मात्र तोंडातल्या तोंडात. हे बरं नाई, बापूरावजी."

ते गूळ फोडत होते. हातातला खडा त्यांनी ढेपीवर परत ठेवला. "अधिक महिना सराचा हाय अजून," ते म्हणाले. "सुखदेवले जेवाले सांगजो. तूबी येजो."

आम्ही दुपारी गेलो. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. मला वाटलं आमच्या दोघांसाठी एकेक पाट असेल. पण पाट एकच होता आणि त्यावर बापूरावजींनी सुखदेवला हाताला धरून बसवलं. मंदाने धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली.  सुखदेवने खाली पाहत जेवढं वाढलं तेवढं खाल्लं. जावयाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, वाण देतात. बापूरावजी आत गेले आणि बायकोचा गुंड घेऊन आले. काठावर तिचं नाव होतं. तो त्यांनी सुखदेवसमोर धरला.

"हे नेजो घरी."

सुखदेव पाटावरून उठला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको जी."

"काऊन?"

"हे घेऊन मी गल्लीतून कसा जाऊ?"

 बापूरावजींनी टोपी घातली, गुंड उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि पायरी उतरले. उन्हाची वेळ होती, माणसं घरात होती. पहिल्या दाराशी थांबून ते म्हणाले, "आयका. चोर माह्या घरचा होता. याच्या घरचा नाई." दार उघडलं. ते पुढच्या दाराशी गेले आणि तेच म्हणाले. मग पुढच्या. दिलीपच्या दुकानापुढे उभं राहून म्हणाले. आवाज आता खाली नव्हता. मंदाने डोक्यावर पदर घेतला होता आणि ती बापाच्या मागे चालत होती. मी आणि सुखदेव तिच्यामागे. कवेलूंखाली, ओट्यांवर बाया उभ्या राहिल्या. 

सुखदेवची माय दारातच बसली होती. बापूरावजींनी गुंड तिच्यापुढे ठेवला. तिने त्याच्या काठावरून बोटं फिरवली.

"हे आमचं नोहे," ती म्हणाली.

"आता तुमचंच हाय, बाई."

"मंग रिकामा काऊन आनला? रिकामा गुंड दारात आनत नाईत."

बापूरावजींनी इकडेतिकडे पाहिलं. समोरच हापसा होता. त्यांनी गुंड उचलला, तोटीखाली धरून बसवला आणि दांडा मारायला लागले. सत्तरी उलटलेला माणूस, उन्हाळ्याचं खोल गेलेलं पाणी, पाच-सात हापशांना एक चूळ यायची. सगळी गल्ली पाहत होती. सुखदेव धावला आणि त्याने दांड्याला हात घातला.

"भरू दे त्याहीले, बाबू," म्हातारी म्हणाली, आणि पाण्याचा आवाज ऐकत दारातच बसून राहिली.